लिंबापुढची जागा

नारायणतात्यांची गोष्ट निघाली की माझा आवाज चढतो. सुना म्हणतात, "आई, किती वर्षं झाली त्याला, आता सोडा की." मी सोडत नाही. ज्यांच्याशी भांडायचं होतं ती माणसं केव्हाच वर गेली, मग निदान आवाज तरी चढवू द्या.

निजामाचा अंमल होता आणि मी त्या गावात नवी सून होते. नांदूरघाटच्या अलीकडचं, काळ्या रानाचं गाव. तात्यांचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. आमच्या परसदारी उभं राहिलं की त्यांचं अंगण दिसे. अंगणात जुना लिंब, आणि लिंबापुढं मुरमाची उंच, कोरडी जागा. पावसाळ्यात सगळ्या गावात घोटाभर चिखल व्हायचा, तिथं मात्र पाय रुतत नसे. पुढचं सगळं त्या जागेवरून घडलं, म्हणून ती आधीच दाखवून ठेवते.

तात्या उंच, किडकिडीत. पटका कायम सैल बांधलेला, त्याचा शेमला पुढं यायचा आणि बोलताना तोंडात जायचा. एका जागी बसणं हे त्यांच्या नशिबातच नव्हतं. जेवायला बसले की एका जेवणात दोनदा पाट हलवत. आधी चुलीजवळ, मग दाराशी, आणि ताक प्यायला उंबऱ्यावर. सरूकाकू, त्यांच्या मालकीणबाई, म्हणायच्या, "ह्यांला वाढायचं म्हंजी भाकरी घिऊन मागं पळायचं."

परक्या घरच्या सुनेशी मोठ्या माणसानं तोंडावर बोलायची तेव्हा रीत नव्हती. आम्ही पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करायचं आणि त्यांनी खाकरून निघून जायचं. तात्यांना हे जमेना, कारण बोलल्यावाचून त्यांना राहवत नसे. म्हणून ते बैलाशी बोलत. सर्ज्या आणि पाखऱ्या अशी त्यांची जोडी होती. मी परसदारी भांडी घासत असले की सर्ज्याच्या मानेवर थाप मारून म्हणत, "सर्ज्या, सूनबाईला सांग, लई घासू नगं. तांब्याला भोक पडंल." मी पदराआड हसायची. सर्ज्या आपला शहाण्यासारखा कान हलवायचा.

तात्यांना मुलगा नव्हता. तीन मुली, तिघी दिल्या घरी गेलेल्या. थोरली कौसा नांदूरघाटला, मधली धर्मापुरीच्या अंगाला, आणि धाकटी सरहद्दीपलीकडं इंग्रजी मुलखात. आमच्या भागात लेकीच्या घरचं पाणी आईबापानं घ्यायचं नाही असा नेम. बऱ्याच घरांत नातवंड झालं की तो सुटतो. तात्यांच्या घराण्यात तो मरेपर्यंत होता. त्यामुळं तात्या लेकीला भेटायला जात ते आपलं पाणी आपल्या तांब्यात घेऊन. अंगणात उभ्या उभ्या बोलत आणि उपाशीपोटी परत येत. कौसाचं निदान एवढं तरी व्हायचं, मधलीकडं आणि धाकटीकडं जाणंच होत नसे. मुली माहेरी यायच्या तर सासरच्यांनी धाडायला हवं, आणि कौसाची सासू धाडायची नाही. पेरणी आहे, म्हैस व्यायली आहे, पाहुणे आहेत. काही ना काही असायचंच.

एकदा तात्या आमच्या ओट्यावर बसले होते. माझे सासरे, ज्यांना गाव बापू म्हणे आणि मी मामंजी, ते त्यांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांत एकच तंबाखूची चंची, आज याच्या कमरेला, उद्या त्याच्या. दाराआडून मी ऐकत होते. तात्या म्हणाले, "बापू, लेक हिकडं येत न्हाई आन् आपल्याला तिच्यात ऱ्हाता येत न्हाई. म्हंजी घरच न्यावं लागंल."

"कुठं?"

"तिच्या गावाला. आपलं घर, आपली चूल, आपलं पानी. तिच्या वेशीभाईर उभं करायचं. मग नेमबी मोडत न्हाई आन् लेकबी माहेरला येती."

"घर काय चालतंय व्हय बे?"

"चालायला लावू की. बसल्या घराला वाळवी लागती, चालत्याला निसतं वंगन लागतंय."

मामंजी इतके हसले की त्यांना तंबाखूचा ठसका लागला. पण तात्यांनी दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं.

जुनी ओझ्याची गाडी होती ती मागं वाढवली. चाकांना नवी लोखंडी धाव बसवली. वर कळकाच्या कमानी, त्यावर तट्ट्या, तट्ट्यांवर मेणकापड आणि घोंगडी. आत झोपायला फळ्यांची पेटी, पेटीत ज्वारी-डाळीची गाठोडी. खाली चाकांच्या मधोमध झोळी, तिच्यात कडबा. सुतारानं विचारलं, "तात्या, घर करू का गाडी?" तात्या म्हणाले, "दोनी कर. दार मागनं ठिव."

आणि मग गावानं आजवर न पाहिलेली गोष्ट त्यांनी केली. निघायच्या आधी दोघं नवरा-बायको आपल्याच अंगणात, लिंबापुढं, गाडीत राहायला गेले. पंधरवडाभर. चार पावलांवर घर, आणि हे गाडीत! तात्यांचा दंडक असा की राहिलेली वस्तू आणायला घरात जायचं नाही. जी नसल्यानं अडेल ती दुसऱ्या दिवशी गाडीत चढवायची, जिला हात लागला नाही ती घरात परत द्यायची. पहिल्याच सकाळी काकू मिठासाठी सवयीनं घरात निघाल्या तर तात्या गाडीतून ओरडले, "अगं, घर तिकडं न्हाई, हिकडं हाय!" काकूंनी त्या दिवशी अळणी पिठलं खाल्लं आणि तात्यांनाही खायला लावलं. गावातली माणसं कामं टाकून बघायला यायची. कुणी विचारायचं, "काय तात्या, कुठवर आलात?" तात्या म्हणायचे, "अजून आपल्याच गावात मुक्काम हाय." रोज काही ना काही उतरायचं. मोठी परात उतरली, घंगाळ उतरलं. सुई-दोरा चढला, चिमटा चढला, जुनी सुपली चढली. काकूंची मातीची चूल मात्र वापरायच्या आधीच फुटली. तात्या म्हणाले, तीन दगड कुठल्या गावात मिळत न्हाईत?

खरं भांडण झालं ते जात्यावरून. काकू म्हणाल्या, जात्याबिगर घर कसलं? तात्या म्हणाले, एवढा धोंडा बैलांनी का म्हणून ओढावा? काकूंनी दोन दिवस अबोला धरला. शेवटी तात्यांनी जातं चढवलं आणि गाडी जुंपून वेशीपर्यंत नेली. वेशीत चढ आहे. तिथं पाखऱ्यानं सरळ बसकण मारली. तात्या गाडीवर बसून राहिले. काकूच खाली उतरल्या, पाखऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "उतरा त्ये." पुढं त्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावर दळायच्या आणि निघताना मूठभर पीठ त्या घरी ठेवायच्या. मला सांगायच्या, "जात्याला बसलं की बाई खरं बोलती बघ. म्या आता धा गावच्या सासवा वळखती."

आता किसनविषयी. किसन तात्यांचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तात्यांनी आणि काकूंनीच त्याला वाढवलं, लग्न करून दिलं. गोड माणूस. कधी कुणाला नाही म्हणायचा नाही. तात्या काहीही म्हणोत, "तुमी म्हनताल तसं" हे ठरलेलं. मला तो सुरुवातीपासून आवडत नसे, असं मी आता म्हटलं तर खोटं ठरेल. मलाही तो भला वाटायचा.

तात्यांनी घर, गोठा, देव, सगळं किसनच्या हवाली केलं. देवांना हादरे नकोत म्हणून टाकसुद्धा घरातच ठेवले. शेत किसननं कसावं आणि वर्षाची ज्वारी-डाळ तेवढी गाडीत घालावी. मागणं एकच होतं. काळ्या रानात मिरगापासून दसऱ्यापर्यंत गाडी हलत नाही, चाक बुडतं ते आसापर्यंत. ते चार महिने चालत्या घरालाही कुठंतरी उभं राहावंच लागतं. लेकीच्या दारी राहायचं नाही, परक्याच्या दारी तात्या राहणार नाहीत. म्हणून पावसाळाभर लिंबापुढची मुरमाची जागा गाडीची. तेवढी एक जागा राहिली तर बाकी आठ महिने सगळा मुलूख आपला, असं ते म्हणत.

किसननं बेलभंडार उचलला. लिंबाखालीच. बेलाची पानं आणि भंडारा मामंजींच्या हातावर ठेवला होता, तो किसननं उचलून कपाळाला लावला आणि म्हणाला, "ह्या जागंवर तात्यांच्या गाडीबिगर कायबी उभं ऱ्हानार न्हाई. बापू साक्षीला हाईत." मी परसदारातून पाहत होते. मामंजींच्या तळहातावर पिवळा भंडारा राहिला होता. तो त्यांनी पटक्याला पुसला.

दसरा झाला आणि तात्या निघाले.

पहिला मुक्काम नांदूरघाट. वेशीबाहेर विहिरीपाशी आंब्याची झाडं आहेत, तिथं गाडी सोडली. कौसाच्या सासरी निरोप धाडला की लेकीला माहेरी पाठवा. आता काय सांगणार? माहेर दारात येऊन उभं. सासूनं तोंड वाकडं करून पाठवलं. कौसा आली ती गाडीत चढली आणि आईच्या मांडीवर झोपली. दिवस कलला तरी उठली नाही. काकूंनी तिच्या डोक्याला तेल घातलं, वेणी घातली, तिला तव्याला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सासू विहिरीवरून ओरडली, "कौसे, म्हस आडवायली, दूध काढायला ये!" तात्या गाडीच्या दारात उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "कौसा हितं न्हाई इहीनबाई. ती माहेरला गेलीय." विहिरीवरच्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काही दिवसांनी ओटी भरून लेकीची पाठवणी केली, तेव्हा कौसा ढसाढसा रडली म्हणे. सासर हाकेच्या अंतरावर होतं तरी रडली. मला हे काकूंनी सांगितलं तेव्हा मीही रडले, कारण माझं माहेर धर्मापुरीच्याही पुढं होतं आणि माझ्या बापाला असलं काही सुचणार नव्हतं.

धाकटीकडं जाताना सरहद्दीवर करोडगिरीचं नाकं लागायचं. शिपाई कोणता माल आहे म्हणून आडवा आला. त्यानं तट्टी वर केली, आत काकू भाकरी थापत होत्या. त्यानं विचारलं, "घर कहाँ है?" तात्या म्हणाले, "येईच है." "माल क्या है?" "घरच है, जमादार." शिपायाला घरावर काय जकात घ्यायची ते कळेना. त्यानं वरच्या माणसाला बोलावलं, त्यालाही कळेना. शेवटी दोघांनी गाडीच्या सावलीत बसून ताक घेतलं, आणि जाताना शिपाई म्हणाला, असलं घर मिळत असेल तर माझ्या बिबीला सांगू नका, ती उद्याच असलं घर करायला लावील मला. ही गोष्ट सांगताना तात्या शेमला तोंडातून काढून काढून हसायचे.

एका फेरीत ते धर्मापुरीहून आडवाट करून माझ्या माहेरी गेले. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. मिरगाच्या आधी गाडी अंगणात आली, लिंबापुढं सुटली, आणि मी परसदारी आले तेव्हा भिंतीवर एक गाडगं ठेवलेलं. तात्या पलीकडं बैलाला पाणी दाखवत होते. "सर्ज्या, सूनबाईला सांग, तिची आय बरी हाय. कारळाची चटनी धाडलीय. आन् म्हनाव, धाकट्या भावाला दात आले." त्या गाडग्याला माझ्या आईच्या हाताचा वास होता. मी ती चटणी पावसाळाभर पुरवली, कुणाला बोट लावू दिलं नाही. त्या दिवसापासून तात्या मला बापाच्या ठिकाणी.

अशी काही वर्षं गेली. दसऱ्याला जाणं, मिरगाला येणं. मग एका वर्षी ते परतले तेव्हा लिंबापुढं पेव होतं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. खाली विहिरीसारखं, वर तोंड लहान, त्यावर फरशी टाकून चिखलानं लिंपायचं. त्याला उंच, कोरडा मुरूम लागतो. गाडीलाही तोच लागतो. उन्हाळ्यात किसननं खणून घेतलं, भरलं, लिंपलं. मी पाहिलं होतं आणि मला वाटलं, तात्यांना विचारूनच असेल. किसन विचारल्यावाचून काही करायचा नाही, अशी आम्हा सगळ्यांची समजूत.

आभाळ भरून आलं होतं. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला म्हणून मी परसदारी धावले. गाडी अंगणात शिरली आणि बैल कुणी न हाकता आपल्या जागेकडं वळले. किसन ओसरीवरून धावत आला आणि त्यानं सर्ज्याची वेसण धरली. "हां हां, तिकडं नगं!"

तात्या उतरले. फरशीकडं बघितलं. "किसन, ह्ये काय बे?"

"पेव हाय तात्या. औंदा ज्वारी लई झाली. आपल्यात मुरमाची जागा दुसरी हाय कुठं?"

"आन् माजी गाडी?"

"जागा तुमचीच हाय की. म्या भित घातली का? खोली बांधली का? वर कायबी उभं हाय का, तुमीच बगा. निसती गाडी तेवडी आनू नका, वज्जानं पेव ढासळंल." हे सगळं तो हात जोडून, मऊ आवाजात बोलत होता. त्याची बायको घराच्या दारात दोन्ही चौकटींना हात लावून उभी होती. घरात या, असं त्या दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही.

पाटलाला बोलावलं. माणसं जमली. पाटील म्हणाले, बेलभंडाराचा साक्षीदार कोण? बापू. बोला बापू.

मी दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते आणि मला जराही शंका नव्हती. एका चंचीतली तंबाखू खाल्लेली माणसं ती. मामंजी पुढं आले, कुणाकडं न बघता म्हणाले, "गाडीबिगर कायबी उभं ऱ्हानार न्हाई, असं बोलनं झालतं. जमिनीखालचं बोलनं झालं न्हवतं."

"बापू," तात्या म्हणाले, "पुन्यांदा सांग."

"जे झालतं त्ये सांगितलं."

पाटील म्हणाले, मग किसनचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. माणसं पांगली. तात्या ओरडतील, शेमला झटकतील असं मला वाटलं. त्यांनी मामंजींपुढं हात केला. मामंजींनी चंची दिली. तात्यांनी चिमूटभर तंबाखू घेतली, चंचीची दोरी नीट बांधून परत दिली आणि सोडलेले बैल पुन्हा जुंपायला लागले. काकूंनी गाडीतून एवढंच विचारलं, "आता कुठं?"

आमच्या परसात जागा होती. मुरमाची नसली तरी होती. मी नवऱ्याला म्हटलं, मामंजींना सांगा ना, गाडी आपल्याकडं लावू द्या. ते म्हणाले, थोरल्यांच्या मधी आपण पडायचं नाही. मामंजी घरात येऊन भिंतीकडं तोंड करून निजले, भर दिवसा.

तात्या निघताना आमच्या भिंतीपाशी थांबले. सर्ज्याच्या मानेवर हात ठेवला. "सर्ज्या, सूनबाईला सांग, सासऱ्यावर राग धरू नगं. बापूला ह्या गावात ऱ्हायचंय. किसनच्या इरोधात कसा बोलंल त्यो? मन लई मऊ हाय त्येचं." असं म्हणून ते गेले.

काळ्या रानात गाडी नांदूरघाटच्या अलीकडंच रुतली. कौसाच्या नवऱ्यानं आपले बैल नेऊन ती ओढून काढली आणि स्वतःच्या परसात आणून लावली. वेशीबाहेरच्या आंब्याखाली पावसाळा काढणं शक्य नव्हतं. म्हणजे जे करायचं नाही म्हणून तात्यांनी घराला चाकं लावली, तेच झालं. लेकीच्या दारात, चिखलात, गाडी उभी. काकूंना ओलीनं ताप धरला. त्या दसऱ्यापर्यंतही राहिल्या नाहीत. बातमी आली तेव्हा किसन ओसरीवर बसून रडला. खरं रडला. त्याच्या रडण्याचाही मला राग आला.

त्या वर्षी संक्रांतीनंतर आमच्या घरच्या भाकरीला आंबूस, उबट वास यायला लागला. मी सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "खा गुमान." माझ्या माहेरी ज्वारी घरातच, कळकाच्या विणलेल्या कणगीत ठेवायचे, इथं आमच्या घरीही कणगीच होती. मला वाटलं, कणगीला ओल लागली असेल. हळूहळू नाकाला सवय झाली.

उन्हाळ्यात मला माहेरी धाडलं. गडी गाडी हाकत होता. वाट नांदूरघाटावरून जाते. मी त्याला म्हटलं, कौसाच्या दारी घटकाभर थांब.

तात्यांची गाडी परसात होती. चाकं काढून घेतलेली, जावयाच्या गाडीला लागली होती. तट्ट्यांच्या आत कोंबड्या बसल्या होत्या. गाडीच्या सावलीत तात्या अंबाडीचा वाख वळत होते. गावातल्या लोकांना दोर वळून द्यायचे, त्याची कुणी ज्वारी देई ती तीन दगडांवर स्वतः शिजवायचे. लेकीच्या घरचा घास त्यांनी अजून तोंडात घातला नव्हता. पाण्याचा तांब्यासुद्धा आपला, नदीवरून भरून आणलेला. एकाच जागी बसलेले होते. मी कितीतरी वेळ पाहत होते, पण ते जागेवरून हलले नाहीत.

कौसा मला पाणी घेऊन आली. हळू आवाजात म्हणाली, "माज्या डोळ्यांम्होरं उपाशी बसत्यात. सासू म्हनती, तुजं माहेर आमच्या परसात कुजायलंय. आता म्या रुसले तर कुठं जावं गं?"

मी वाटेसाठीच्या भाकरीचं फडकं सोडलं. शेजारघरची भाकरी चालते, तिला नेम नाही. एक भाकरी तात्यांपुढं धरली. त्यांचा चेहरा उजळला. गावाची भाकरी! त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, तोंडाजवळ नेली आणि थांबले. नाकाशी धरली. पुन्हा धरली.

सर्ज्या खुंट्याला बांधलेला होता, जवळच. तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"सूनबाई, तुमच्यात पेव कधी खनलं?"

आजवर त्यांनी माझ्याशी तोंडावर बोललेला तो पहिलाच शब्द. मी पण पदर विसरून उत्तर दिलं, "न्हाई तात्या. आमच्यात कनगीच हाय."

आणि बोलता बोलता मला कळलं. तो आंबूस वास पेवातल्या ज्वारीचा. त्या आळीत पेव एकच होतं. ते खणलं तेव्हाच त्यात आमच्या ज्वारीची जागा ठरलेली होती, आणि ज्वारी खळ्यावरून परस्पर तिथं गेली होती. मामंजी साक्षीला उभे राहिले ते किसनला भिऊन नव्हे, तर त्या फरशीखाली त्यांचं धान्य होतं म्हणून. तात्यांनाही कळलं. मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं. भावाची गोष्ट त्यांनी पचवली होती. सोबत्याच्या मऊ मनावरचा विश्वास ते वर्षभर जपत आले होते, आणि तो मोडणारी भाकरी मीच, माझ्या हातानं, फडक्यात बांधून घेऊन आले होते.

"बापूचीबी व्हती म्हना त्यात," ते म्हणाले. मला वाटलं भाकरी परत देतील, नाहीतर बैलापुढं टाकतील. त्यांनी ती मधोमध मोडली.

"म्हंजी माज्याच लिंबापुढची की ही," असं म्हणत त्यांनी अर्धी कौसाच्या हातावर ठेवली. "घे. माहेरची हाय."

कौसाला काही ठाऊक नव्हतं. ती तिथंच उकिडवी बसली आणि खायला लागली. तात्याही खात होते, सावकाश, एक कण न सांडता.

"तात्या," कौसा म्हणाली, "आपल्याकडल्या ज्वारीची चवच न्यारी, न्हाई?"

तात्यांनी हूं म्हटलं, हात झटकले आणि बाजूला ठेवलेला वाख पुन्हा वळायला घेतला.